सायकली मनालीला पोहोचवताना

मनाली ते लेह हा रस्ता सायकलने करायचा असे आम्हा चौघांचे पक्के झाले, तेव्हा पहिल्या बैठकीत बारालाचा ला किंवा तांगलांग ला या वाटेतल्या उंच खिंडींपेक्षा जास्त वेळ एका वेगळ्याच प्रश्नावर गेला : सायकली मनालीपर्यंत सुखरूप न्यायच्या कशा? घाटात काय होईल ते बऱ्याच अंशी आपल्या पायांवर आणि दमावर अवलंबून असते. सायकल मात्र नजरेआड दुसऱ्याच्या हाती गेली, की तिचे काय झाले ते चाक फिरवून पाहीपर्यंत कळत नाही. आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ म्हणजे ६१ वर्षांचे काका. त्यांनी त्या दिवशी ‘हातबदल’ हा शब्द वापरला आणि तो पुढे प्रवासभर आमच्या तोंडी राहिला. सायकल एका हातातून दुसऱ्या हातात गेली की एक हातबदल. ज्या मार्गात हातबदल कमी आणि जे आहेत ते आपल्या डोळ्यांदेखत, तो मार्ग चांगला, असा त्यांचा हिशेब होता.

या हिशेबात विमान पहिल्यांदा बाद झाले. विमानासाठी सायकल सुटी करून खोक्यात बसवावी लागते, आणि खोके एकदा पट्ट्यावर गेले की ते गाडीवर कोणी चढवले, पोटात कोणी सरकवले, त्यावर काय रचले, यातले काहीच आपल्याला दिसत नाही. थेट लेहला उतरून उलट दिशेने यावे, असेही एक मत होते. परंतु लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे आणि शरीराला उंचीची सवय हळूहळू चढत जाऊनच लावायची, यावर आम्ही ठाम होतो. मालवाहतूक कंपनीकडे सायकली आधीच सोपवण्याचा पर्याय सोपा होता, पण त्यात सायकली आणि आम्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाटांनी जाणार होतो. उरली रेल्वे. आम्ही ज्या गाडीने जाणार त्याच गाडीच्या लगेज डब्यात सायकली, आणि चढवताना व उतरवताना आम्ही तिथे हजर, हे आम्हाला पटले. गाडी निवडताना तिचा प्रवास चंदीगडलाच संपतो ना, एवढे आवर्जून पाहिले. मधल्या स्थानकावर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबत असेल, तर तेवढ्यात चार सायकली खाली येतील याची खात्री धरता येत नाही. शेवटच्या स्थानकावर ती घाई नसते.

आदला दिवस, २ सप्टेंबर : बांधाबांध

सकाळी सातला चौघेही सायकलींसह आमच्या अंगणात जमलो. काकांची सायकल स्टीलच्या सांगाड्याची, रिमब्रेकची, लांब पल्ल्यासाठीच घेतलेली. माझी आणि माझ्या मैत्रिणीची सायकल डोंगरी बनावटीची, ॲल्युमिनिअमची आणि डिस्कब्रेकची. मैत्रिणीच्या धाकट्या भावाची सायकल रस्त्याला आणि कच्च्या वाटेला दोन्हीकडे चालणारी, चाके काकांच्या सायकलीइतकीच, ७००सी मापाची. ही चाके पुढे कामी येणार होती, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सायकल पूर्ण सुटी करून पिशवीत भरायची की उभी, चाकांसकट पाठवायची, याचा निर्णय आधीच झाला होता. माझे मत असे, की आगगाडीच्या लगेज डब्यासाठी सायकल सायकलीसारखी दिसली पाहिजे. खोक्यात काय आहे हे उचलणाऱ्याला माहीत नसते. तो ते आडवे टाकतो, त्यावर दुसरे खोके ठेवतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. उभ्या सायकलीला मात्र कोणीही सहज हँडल धरून चालवत नेतो, भिंतीला टेकवून उभी करतो. म्हणून आम्ही चाके जागेवर ठेवली, त्यांत हवाही ठेवली. टायर पूर्ण सपाट केला तर सायकलीचा सगळा भार रिमच्या कडेवर येतो आणि एखाद्या पायरीवरून उतरवताना कड दबते. म्हणून नेहमीच्या दाबाच्या निम्म्याहून थोडी जास्त हवा आम्ही राखली.

काढले ते फक्त बाहेर डोकावणारे भाग. पहिल्यांदा पायडले. डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो, त्यामुळे उजवे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या उलट आणि डावे काट्यांच्या दिशेने फिरवून सुटते. हे लक्षात राहत नसेल तर एवढेच ध्यानात ठेवावे, की पाना पायडलावर उभा धरून मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की दोन्ही बाजूंची पायडले सुटतात. काकांचे डावे पायडल वर्षानुवर्षे न काढल्यामुळे जाम बसले होते. पान्याला लोखंडी नळी जोडून, तिघांनी सायकल धरून ते सोडवावे लागले. बसवताना आट्याला ग्रीस लावायचे, हा नियम त्याच क्षणी चौघांनी मान्य केला. हेच पायडल लेहला परतीची बांधाबांध करताना, हाताशी नळी नसताना सुटले नसते तर काय केले असते, हा विचार मला नंतरही बराच वेळ छळत राहिला.

हँडल काढण्याऐवजी आम्ही ते सांगाड्याच्या आडव्या नळीला समांतर फिरवले. यासाठी स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचे दोन बोल्ट ढिले करायचे असतात. वरच्या टोपीचा बोल्ट बेअरिंगचा ताण ठरवतो, त्याला हात लावायचे कारण नाही. सीटच्या दांड्यावर जिथे ती सांगाड्यात शिरते तिथे चिकटपट्टीचा एक फेरा दिला आणि मग सीट खाली केली, म्हणजे पुन्हा लावताना उंची शोधत बसावे लागत नाही. गुडघ्यांना सवय झालेली उंची पाच मिलिमीटरने जरी चुकली तरी दीर्घ चढावर ती जाणवते.

त्यानंतर फोमच्या नळ्या. वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांवर चढवतात त्या काळ्या, लांबीत चिरलेल्या नळ्या सायकलीच्या सांगाड्यावर अशा बसतात की जणू त्यासाठीच केल्या आहेत. सांगाड्याच्या प्रत्येक नळीवर, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन्ही पायांवर आणि पायडले ज्यांवर बसतात त्या क्रँकवर त्या चढवल्या आणि चिकटपट्टीने बांधल्या. साखळी आदल्या रात्रीच धुऊन पुसून घेतली होती. काळ्या वंगणाची साखळी हमालाच्या कपड्यांना लागली, तर तो सायकल अंगापासून दूर धरणार आणि दूर धरलेली वस्तू निसटणार.

सगळ्यांत जास्त काळजी मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची, घेतली. हा सायकलीचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत बाहेर आलेला भाग. तो ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, त्या हँगरचे काम धक्का बसल्यास स्वतः वाकून किंवा तुटून सांगाडा वाचवण्याचे असते. साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर नेली की डिरेलर आत सरकतो. तसे करून प्रत्येक डिरेलरभोवती प्लॅस्टिकच्या डब्याचा अर्धा भाग कापून ढालीसारखा बांधला. मैत्रिणीने तेव्हा सुचवले होते की डिरेलर काढूनच घ्यावा. ५ मिलिमीटरची ॲलन की, एक बोल्ट, एवढेच काम. मी म्हणाले की ढाल पुरेशी आहे. तिचे ऐकायला हवे होते.

दुपारी गोणपाट, दाभण आणि सुतळी घेऊन शिवणकाम झाले. हँडलची एक मूठ आणि सीटचा मागचा भाग मुद्दाम उघडा ठेवला, म्हणजे उचलणाऱ्याचा हात आपोआप तिथेच जाईल. प्रत्येक सायकलीवर नाव, पत्ता, फोन आणि ‘चंदीगड’ हे जाड काळ्या अक्षरांत हिंदी व इंग्रजीत लिहिले. तसाच एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आतल्या सांगाड्याला बांधला, कारण बाहेरची चिठ्ठी फाटू शकते.

दिवस पहिला, ३ सप्टेंबर : स्थानक

गाडी रात्रीची होती, पण आम्ही दुपारी चारलाच स्थानकावर पोहोचलो. लगेज गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी कार्यालयात हजर करावे, असा रेल्वेचा नियम आहे. चार सायकलींसाठी तो अर्धा तास पुरत नाही, असा काकांचा पूर्वानुभव होता.

येथे एक फरक समजून घेण्याजोगा आहे. सायकल ‘पार्सल’ म्हणून पाठवली तर ती जागा मिळेल त्या गाडीने जाऊ शकते. आपल्याजवळ त्याच गाडीचे तिकीट असेल आणि ते दाखवून ती ‘लगेज’ म्हणून बुक केली, तर ती आपल्याबरोबर त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे लगेज डब्यातून, जाते. प्रवाशाला डब्याच्या वर्गानुसार जे मोफत वजन मिळते, म्हणजे शयनयान वर्गात ४० किलो, ते सायकलीला लागू होत नाही. तिचे भाडे वेगळे भरावेच लागते. आम्ही चौघांची तिकिटे पुढे केली, फॉर्म भरला आणि सायकली एकेक करून काट्यावर चढवल्या. पावती हातात पडल्यावर त्यावरील नग, स्थानक आणि गाडीचा क्रमांक काकांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि मग तिचा फोटो आम्ही चौघांच्या फोनमध्ये घेतला. मूळ पावती पलीकडे द्यावी लागते, म्हणून ती काकांच्या खिशातून बाहेर आलीच नाही.

फलाटावर लगेज डबा नेमका कुठे येणार हे आधी विचारून तेथेच थांबलो. सायकली चढवायला आलेल्या दोघांना काकांनी विनंती केली, “दादा, ही डावी बाजू भिंतीकडे राहू द्या, उजव्या बाजूला गिअर आहेत.” त्यांपैकी वयस्क गृहस्थांनी मान डोलावली, आधीची पोती सरकवून जागा केली आणि चारही सायकली दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात, एकमेकींना टेकून, त्यांनी स्वतःच्या सुतळीने बांधल्या. ती सुतळी आमच्या सामानात नव्हती. ज्याला आपण दोन वाक्यांत नीट समजावून सांगतो, तो माणूस बहुधा आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक करतो, हे मी पुढच्या पाच दिवसांत चार वेळा पाहिले.

दिवस दुसरा, ४ सप्टेंबर : गाडीत

सांगण्यासारखे थोडे आहे. मोठ्या स्थानकांवर गाडी दहा मिनिटांहून अधिक थांबली की आमच्यापैकी एक जण लगेज डब्यापर्यंत जाऊन यायचा. दार उघडले जाते ते दुसरा माल उतरवण्यासाठी, आणि त्या वेळी आपला माल चुकून खाली येऊ नये, इतकीच त्यामागची काळजी. दोन ठिकाणी दार उघडले. दोन्ही वेळा सायकली कोपऱ्यातच दिसल्या. बाकीचा वेळ झोपेत आणि नकाशे पाहण्यात गेला.

दिवस तिसरा, ५ सप्टेंबर : चंदीगड ते मंडी

चंदीगडला सकाळी उतरल्यावर डबा रिकामा होईपर्यंत जवळजवळ पाऊण तास गेला. पावती देऊन सायकली ताब्यात घेतल्या आणि लगेच, स्थानकाच्या आवारातच, गोणपाट उसवून प्रत्येक सायकल तपासली. चाक हवेत उचलून फिरवायचे, ते ब्रेकमधून सरळ जाते ना पाहायचे, फोर्क आणि सांगाडा मागून एका रेषेत दिसतात ना पाहायचे, डिरेलरच्या दोन्ही चकत्या मागच्या चकत्यांशी समांतर आहेत ना पाहायचे. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण प्रत्येक हातबदलानंतर तपासले नाही, तर नुकसान नक्की कुठे झाले हे पुढे कधीच कळत नाही. चारही सायकली निर्दोष निघाल्या. एका गोणपाटाला फक्त एक चीर होती.

येथून मनाली सुमारे ३०० किलोमीटर. आम्ही आधीच एक पिकअप ठरवली होती, पुढे पाच जणांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली. हौद्याची लांबी दीड मीटरच्या आसपास भरली, आणि चाकांसकट सायकल त्याहून लांब असते. तेव्हा पुढची चाके काढणे भाग पडले.

डिस्कब्रेकच्या सायकलीचे चाक काढले की ब्रेकच्या दोन पॅडमध्ये लगेच काहीतरी घालावे लागते. डिस्क मधे नसताना कोणी चुकून ब्रेकची मूठ दाबली, तर तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक पुन्हा आत जात नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आम्ही बरोबर आणल्या होत्या. एक कमी पडली, तिथे जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी घातली आणि ती चांगली बसली. फोर्कच्या दोन टोकांमध्ये १०० मिलिमीटरचे ठोकळे बसवले, म्हणजे बाहेरून दाब आला तरी टोके आत वाकणार नाहीत. काढलेली चाके रचताना डिस्कची बाजू वर ठेवली. नवी डिस्क जेमतेम १.८ मिलिमीटर जाड असते आणि एखाद्या बॅगेचे वजनही तिला वाकवायला पुरते.

आता चढवण्याचा क्रम. हौद्यात सायकली आलटून पालटून, एकीचे तोंड पुढे तर दुसरीचे मागे, अशा ठेवतात, म्हणजे हँडले एकमेकांत अडकत नाहीत. येथेच माझी चूक झाली. डाव्या भिंतीलगतची पहिली सायकल पुढे तोंड करून ठेवली असती, तर तिची डावी बाजू भिंतीकडे आली असती, आणि क्रमाने गेल्यास चौथीचीही डावीच बाजू उजव्या भिंतीकडे आली असती. सगळे डिरेलर आतल्या बाजूला राहिले असते. मी पहिली सायकल मागे तोंड करून ठेवली. त्यामुळे दोन्ही टोकांच्या सायकलींची गिअरची बाजू लोखंडी भिंतींना लागली : एकीकडे काकांची, दुसरीकडे मैत्रिणीच्या भावाची. फलाटावर काकांनी हमालांना जे सांगितले होते, तेच मी स्वतः विसरले. मधे घड्या घातलेले गोणपाट खुपसले आणि वाटले की झाले.

पट्टे बांधताना ते सांगाड्यावरून न घेता मागच्या चाकावरून आणि फोर्कवरून घेतले. दातेरी यंत्राचा पट्टा वाजवीपेक्षा फार घट्ट होतो आणि ओढणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून साध्या बकलचे पट्टे वापरले. वरून ताडपत्री घातली. तीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढले. फोम दबून प्रत्येक पट्टा दोन बोटे ढिला झाला होता. कीरतपूरहून पुढचा नवा, रुंद रस्ता आणि त्यावरचे बोगदे यांमुळे गाडी फारशी हादरली नाही. बिलासपूरजवळ गोविंदसागराचे पाणी दिसले. संध्याकाळी मंडीला मुक्काम केला आणि सायकली हौद्यातच, ताडपत्रीखाली, साखळीने जखडून ठेवल्या.

दिवस चौथा, ६ सप्टेंबर : मंडी ते मनाली

सकाळी कळले, की मंडी आणि पंडोहच्या दरम्यान दरड आली आहे. बियासच्या अरुंद खोऱ्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर पावसाळ्याच्या अखेरीस असे वारंवार होते. चालकाने कटौलामार्गे बजौऱ्याला उतरणारा डोंगराचा रस्ता घेतला. हा रस्ता अरुंद, वळणांचा आणि त्या दिवशी ठिकठिकाणी उखडलेला होता. सायकलवरून जाताना अशा रस्त्याचा मला आनंद होतो, पण हौद्यात बांधलेल्या सायकलींसह त्याच रस्त्याने जाताना प्रत्येक खड्डा मला पाठीत जाणवत होता. आम्ही तीन वेळा थांबून पट्टे तपासले. चालक भाऊ न सांगता स्वतः उतरत आणि ताडपत्रीच्या गाठी पाहत. तिसऱ्या वेळी मला एका टोकाचे गोणपाट खाली सरकलेले दिसले. ते पुन्हा वर खुपसले. ते किती वेळापासून खाली होते, हे मात्र सांगता येत नव्हते.

बजौऱ्यानंतर कुल्लू, आणि तेथून बियासच्या काठाने मनाली. दुपारी तीनला पोहोचलो. पाऊस सुरू होता म्हणून सायकली निवासाच्या व्हरांड्यात उतरवल्या आणि तपासणी दुसऱ्या दिवशीवर ठेवली.

दिवस पाचवा, ७ सप्टेंबर : जोडणी

हा दिवस जोडणीसाठी आणि उंचीशी ओळख करून घेण्यासाठी राखून ठेवला होता. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. येथे एक दिवस काढणे शरीरालाही मानवते.

तीन सायकली दोन तासांत उभ्या राहिल्या. चाके बसवली, हँडल सरळ केले, स्टेमचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले, पायडलांच्या आट्यांना ग्रीस लावले, चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत सीट वर घेतली. काकांच्या डिरेलरभोवतीची ढाल भिंतीला घासून पांढरी पडली होती, पण आतला भाग शाबूत होता.

मैत्रिणीच्या भावाने सायकल व्हरांड्यातच उलटी करून गिअर बदलून पाहिले आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी जाताच टकटक आवाज आला. डिरेलरचा खालचा भाग आऱ्यांना लागत होता. मागून पाहिल्यावर हँगर आत वाकलेला स्पष्ट दिसला. चढावर, पूर्ण जोर लावलेला असताना असा डिरेलर आऱ्यांत गेला, तर आरे तुटतात, डिरेलर पिळवटतो आणि मनाली-लेह रस्त्यावर मोहीम तिथेच संपते. मी एक जादा हँगर आणला होता, परंतु तो माझ्या सायकलीचा होता, आणि हँगरची आकृती जवळजवळ प्रत्येक सांगाड्यानुसार वेगळी असते. त्याच्याजवळ स्वतःचा नव्हता. त्याने एका शब्दानेही मला दोष दिला नाही. माझ्या चुकीबद्दल मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा “ताई, आधी सरळ करू या,” एवढेच तो म्हणाला.

हँगर सरळ करण्याचे खास हत्यार आमच्याजवळ नव्हते. काकांना जुन्या कारागिरांची एक युक्ती माहीत होती. डिरेलरचा बोल्ट हँगरमध्ये ज्या आट्यात बसतो तो १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराचा असतो. झटपट सुटणाऱ्या दांड्याच्या साध्या मागच्या चाकाचा आसही नेमका त्याच आट्याचा असतो. काकांच्या सायकलीचे मागचे चाक काढले, त्यातला दांडा ओढून घेतला आणि आसाचे बाहेर आलेले टोक, डिरेलर काढून मोकळ्या केलेल्या हँगरमध्ये हाताने फिरवत बसवले. आता सायकलीचे स्वतःचे चाक आणि त्याला लागून काकांचे चाक, अशी दोन चाके शेजारी शेजारी उभी राहिली. दोन्ही ७००सी, म्हणजे दोन्हींच्या रिमची बैठक ६२२ मिलिमीटर व्यासाची. हँगर सरळ असेल तर दोन रिममधले अंतर वर, खाली, पुढे आणि मागे सारखे भरले पाहिजे. आमच्याकडे ते वर आणि खाली मिळून १९ मिलिमीटरने चुकत होते.

ॲल्युमिनिअम एकदा वाकले की परत वाकवताना कमजोर होते. पुढे-मागे हलवत बसले तर ते तुटते. म्हणून काकांनी चाक दोन्ही हातांनी रिमला धरून, एकाच दिशेने, अगदी थोडे थोडे दाबले. प्रत्येक वेळी मैत्रीण पट्टीने चार ठिकाणी मोजत होती आणि मी आकडे लिहीत होते. १९, १४, ११, ६, ४. चारवर आल्यानंतर काका थांबले. आणखी दाबून शून्यावर आणण्याच्या नादात पलीकडे गेलो, तर परत आणणे धोक्याचे होते. आम्ही डिरेलर बसवला, आतली मर्यादा ठरवणारा स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि साखळी सगळ्या चकत्यांवर वर-खाली नेऊन पाहिली. आवाज गेला.

दुपारी चौघेही सामान लादून वसिष्ठच्या चढावर तासभर जाऊन आलो. रिकाम्या सायकलीवर नीट चालणारे गिअर लादलेल्या सायकलीवर चढात तसेच चालतात की नाही, हे तेथेच कळते. भावाच्या सायकलीने एकदाही साखळी चुकवली नाही. तरीही पुढच्या प्रवासात त्याने सर्वांत मोठी चकती शक्यतो टाळावी, असे आम्ही ठरवले आणि त्याचे काही सामान माझ्या सायकलीवर घेतले.

संध्याकाळी हवा भरताना मैत्रिणीने विचारले, की चंदीगडला भरलेली हवा येथे जास्त भरेल का? तिनेच हिशेब केला. चंदीगड साधारण ३२० मीटरवर, मनाली २,०५० मीटरवर. बाहेरच्या हवेचा दाब एवढ्या चढात सुमारे अडीच ते पावणेतीन पीएसआयने (पंपावर असते ते दाबाचे एकक) उतरतो आणि तेवढाच टायरचा दाब मोजणीत वाढलेला दिसतो. ५,३२८ मीटरच्या तांगलांग ला वरही चंदीगडच्या तुलनेत हा फरक साडेसहा पीएसआयच्या आसपास राहतो, आणि थंडीने त्यातला काही भाग कमीही होतो. टायर फुटण्याइतका तो नाही. विमानाने सायकल नेणाऱ्यांनाही हा हिशेब उपयोगी पडावा. हवा काढण्याचा विमान कंपनीचा नियम असेल तर तो पाळावा, पण थोडी हवा राहून गेली म्हणून टायर फुटेल, अशी धास्ती बाळगू नये.

दिवस सहावा, ८ सप्टेंबर : निघताना

एक काम उरले होते. फोमच्या नळ्या, ठोकळे, पट्टे, ढाली आणि गोणपाट हे सगळे लेहला पुन्हा लागणार होते, कारण परतीच्या वाटेवरही सायकली बांधाव्या लागणारच. ते ओझे घाटांवरून नेणे शक्य नव्हते. पहाटे साडेचारला लेहकडे निघणाऱ्या एका टॅक्सीच्या चालकाशी निवासाच्या मालकांनी बोलणे करून दिले होते. आम्ही सगळे एका पोत्यात भरले, दाभणाने तोंड शिवले, बाहेर आणि आत अशा दोन चिठ्ठ्या लावल्या आणि लेहच्या मुक्कामाचा फोन क्रमांक चालकाकडून पुन्हा वाचवून घेतला. पोते टपावर चढले तेव्हा मैत्रिणीने त्याचा फोटो घेतला.

पावणेसहाला उजाडत होते. भावाने मागचे चाक उचलून पायडल फिरवले, साखळी एकदा खालपासून वरपर्यंत नेली, कान देऊन ऐकले आणि मान हलवली. काका पुढे झाले आणि आम्ही पलचानच्या दिशेने चढ घेतला.